वाचतोय, पण आत जात नाही: रोजचा गांजा लक्षाचं काय करतो?

एमपीएससीच्या पूर्वपरीक्षेत एक ठरावीक प्रश्न असतो: ‘खालीलपैकी अयोग्य विधान ओळखा.’ गेल्या पावसाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी सराव चाचणीची उत्तरपत्रिका घेऊन घरी आला. आम्ही दोघांनी बसून ती ओळीने तपासली. अकरा प्रश्न असे निघाले की ज्यांचा विषय त्याला अगदी पाठ होता. पण ‘अयोग्य’ हा शब्द नजरेतून निसटला, पहिलं बरोबर विधान दिसलं आणि त्याने वर्तुळ काळं करून टाकलं. अकराच्या अकरा वेळा तेच.

“मॅडम, वाचतो मी सगळं. पण आत जात नाही,” तो म्हणाला. चहा झाल्यावर बराच वेळ गप्प बसला आणि मग सांगितलं. पुण्यात आल्यापासून, म्हणजे अडीच वर्षं, अभ्यासिका सुटली की खोलीवर मित्रांबरोबर रोज गांजाचा एक जॉइंट. कधी दोन. “याचा आणि त्याचा काही संबंध असेल का? भीती घालू नका, खरं काय ते सांगा.”

मी मानसशास्त्र शिकवते, डॉक्टर नाही. पण लक्ष हा माझ्या विषयाचा गाभा आहे, आणि गांजावर गेल्या चाळीसेक वर्षांत जेवढं संशोधन झालंय ते घाबरवणाऱ्या पोस्टर्समध्येही नीट येत नाही आणि ‘अरे, ती तर वनस्पती आहे’ म्हणणाऱ्यांच्या बोलण्यातही येत नाही. त्याला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर मांडते.

## आधी शब्द नीट करून घेऊ

झाड एकच. मादी झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे वाळवले की गांजा, त्या फुलोऱ्यावरचा चीक मळून काढला की चरस, पानं वाटली की भांग. आपल्या १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा आणि चरस येतात. नुसती पानं त्या व्याख्येत बसत नाहीत, म्हणून काही राज्यांत भांगेची सरकारमान्य दुकानं दिसतात. एम्सने केंद्र सरकारसाठी केलेलं मोठं सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यानुसार देशात १० ते ७५ वयोगटातल्या ३ कोटी १० लाख लोकांनी आधीच्या वर्षभरात यापैकी काहीतरी घेतलं होतं. त्यातले सुमारे २ कोटी २० लाख भांगवाले आणि १ कोटी ३० लाख गांजा-चरसवाले. काही जण दोन्हीकडचे. मदतीची गरज असलेले साधारण ७२ लाख. म्हणजे हा विषय चार बिघडलेल्या पोरांचा नाही.

नशा आणणारा मुख्य घटक म्हणजे टीएचसी. १९६४ साली इस्रायलमध्ये राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी तो वेगळा काढला. पानांत तो कमी असतो, फुलोऱ्यात जास्त, चिकात त्याहून जास्त.

## मेंदूत ‘मोड बारं’ म्हणणारा निरोप

१९८८ साली अमेरिकेत ॲलिन हॉलेट आणि विल्यम डेव्हेन यांना मेंदूच्या पेशींवर टीएचसी जिथे जाऊन चिकटतं ती जागा सापडली. तिला सीबी१ रिसेप्टर म्हणतात. मी तिला यापुढे ‘कान’ म्हणेन. पण गांजाच्या झाडासाठी मेंदूने कान कशाला राखून ठेवले असतील? उत्तर १९९२ मध्ये मिळालं. मेंदू स्वतःच टीएचसीसारखं वागणारं एक रसायन बनवतो. शोधणाऱ्यांनी त्याचं नाव संस्कृतातल्या ‘आनंद’वरून ठेवलं: आनंदामाइड. पुढे त्याचं आणखी एक भावंडही सापडलं.

या रसायनांचं काम काय, हे ज्याने रात्री उसाला दारं धरलंय त्याला चटकन कळेल. पाटाचं पाणी वरून खाली येतं. खाली वाफ्याशी उभा असलेला माणूस वाफा भरत आला की वर हाक देतो, “मोड बारं!” वरचा माणूस खोऱ्याने माती ओढतो आणि पाणी पुढच्या वाफ्यात वळवतो. पाणी वरून खाली, निरोप खालून वर.

मेंदूच्या पेशींतही असंच चालतं. एक पेशी रसायन सोडते, दुसरी घेते. पुरेसं मिळालं की घेणारी पेशी आनंदामाइड आणि त्याच्या भावंडाकरवी उलट्या दिशेने निरोप धाडते, ‘बास.’ सोडणाऱ्या पेशीचा कान तो ऐकतो आणि धार कमी होते. ही हाक नेमक्या एका वाफ्यापुरती असते आणि लगेच विरूनही जाते.

टीएचसी म्हणजे सगळ्या रानात एकदम भोंगा लावून “मोड बारं, मोड बारं” ओरडणारा माणूस. कुठला वाफा भरला आणि कुठला अजून कोरडा आहे, त्याला ठाऊक नाही. आणि तो तासन्‌तास ओरडत राहतो. हे कान सगळ्यात दाट असतात ते आठवणी साठवणाऱ्या भागात, हालचाल आणि वेळेचं भान सांभाळणाऱ्या भागांत, आणि कपाळामागच्या त्या भागात जिथे ‘आत्ता कशाकडे बघायचं’ हे ठरतं. श्वास चालवणाऱ्या देठाच्या भागात ते फार कमी आहेत, म्हणून अफूच्या जातीतल्या ड्रग्जसारखा गांजाच्या अतिसेवनाने श्वास बंद पडत नाही. ‘गांजाने कोणी मरत नाही’ या बोलण्याचं मूळ इथे आहे. पण तेवढ्यावरून तो लक्षालाही निरुपद्रवी ठरत नाही.

रोज भोंगा वाजायला लागला की वरचा माणूस काय करील? कानात बोळे घालील. मेंदूही तसंच करतो. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रोज गांजा ओढणाऱ्यांच्या मेंदूचं खास स्कॅनिंग केलं, तेव्हा मेंदूच्या बाहेरच्या थरातले हे कान सुमारे २० टक्के कमी आढळले. म्हणून पूर्वी दोन झुरक्यांत यायची ती तार आता अख्ख्या जॉइंटने येते. आणि गांजा नसेल त्या दिवशी मेंदूची स्वतःची बारीक हाकही त्या बोळ्यांतून नीट पोचत नाही.

## लक्ष म्हणजे आधी गाळणी

लक्ष लागणं म्हणजे एखादी गोष्ट डोक्यात घट्ट धरणं, असं आपण समजतो. त्यातलं निम्मं काम बाकीचं सगळं बाहेर ठेवण्याचं असतं. स्वारगेटच्या एसटी स्टँडवर उभे राहा. लाउडस्पीकरवर दर मिनिटाला एक घोषणा, शेजारी भेळवाला, मागे कोणाचं भांडण. तरी ‘सातारा’ हा शब्द आला की सातारकराचे कान टवकारतात. बाकीच्या घोषणा त्याच्या कानावर पडतात, पण मेंदू त्यांच्यावर मेहनत घेत नाही.

ही गाळणी मोजता येते. ऑस्ट्रेलियातल्या नादिया सोलोविज यांनी १९९० च्या दशकात दीर्घकाळ गांजा ओढणाऱ्यांच्या डोक्याला विजेचे संवेदक लावून हेच तपासलं. दोन्ही कानांत वेगवेगळे सूर वाजत राहतात, उंची वेगळी, लांबी वेगळी. ठरावीक कानात ठरावीक सूर आला की बटण दाबायचं, बाकीचे सोडून द्यायचे. माणूस बटण दाबतोच, पण तारांवरून हेही दिसतं की सोडून द्यायच्या सुरांवर मेंदू किती वेळ घालवतोय. गांजा न ओढणाऱ्यांचा मेंदू ‘हा आपला नव्हे’ म्हणून नको असलेला सूर चटकन बाजूला टाकत होता. वर्षानुवर्षं ओढणाऱ्यांचा मेंदू त्याच सुरावर अडकून राहत होता. म्हणजे सातारकर स्टँडवरची प्रत्येक घोषणा शेवटपर्यंत ऐकत बसल्यासारखं.

त्याच कामात आणखी एक खूण बघितली गेली. अपेक्षित आवाज आल्यावर साधारण ३०० मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, मेंदूत विजेची एक लाट उठते. ‘हां, हाच तो’ अशी मेंदूची दखल म्हणा. ही लाट उशिरा उठणं आणि गाळणी बिघडणं या दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या, आणि मला त्या अभ्यासातलं हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. लाटेचा उशीर जोडलेला होता आठवड्यात किती वेळा ओढतो याच्याशी. गाळणीचा बिघाड जोडलेला होता किती वर्षं ओढतो याच्याशी. ‘मी रोज नाही ओढत, फक्त शनिवार-रविवार’ म्हणणारा दहा वर्षं तेच करत असेल तर दुसरा हिशेब त्यालाही लागू होतो.

२००२ मध्ये याच बाईंच्या गटाने सरासरी २४ वर्षं ओढणाऱ्यांची सरासरी १० वर्षं ओढणाऱ्यांशी आणि न ओढणाऱ्यांशी तुलना केली. स्मरण आणि लक्ष या दोन्हींत २४ वर्षंवाले मागे होते.

माझ्या विद्यार्थ्याने इथे मला थांबवलं. “पण मॅडम, अयोग्य शब्द तर सुटला. जास्तीचं आत आलं नाही.” रास्त प्रश्न होता. गाळणी बिघडली की दोन्ही होतं. बिनकामाचं आत येतं आणि त्या गर्दीत कामाचा एक शब्द हरवतो. घर बारक्या वस्तूंनी भरलं की चावी सापडत नाही, तसं.

## रंगीत चित्रांत दिसतं ते काय?

मेंदूचे लाल-पिवळ्या ठिपक्यांचे फोटो बातम्यांत येतात ते वेगळ्या यंत्राचे, फंक्शनल एमआरआयचे. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिथे ऑक्सिजनवालं रक्त जास्त येतं, आणि यंत्र तेवढंच टिपतं. आळीतल्या कुठल्या घराचा विजेचा मीटर जोरात पळतोय हे कळावं, पण आत मिक्सर चालू आहे की शिलाई मशीन हे कळू नये, इतपतच ती माहिती असते. म्हणून ‘गांजाने मेंदू विझला’ अशा मथळ्यांवर विश्वास ठेवू नका.

या मर्यादेत राहून दोन अभ्यास सांगते. २००६ मध्ये हवाईतल्या लिंडा चँग आणि सहकाऱ्यांनी गांजा ओढणाऱ्या २४ जणांना (निम्मे चालू असलेले, निम्मे थांबवलेले) पडद्यावरच्या हलत्या चेंडूंवर नजर ठेवायला सांगितलं. उत्तरं चुकली का? नाही, न ओढणाऱ्यांइतकीच बरोबर होती. पण लक्ष देताना नेहमी जे भाग कामाला लागतात, उजव्या कपाळामागचा, डोक्याच्या वरच्या बाजूचा आणि लहान मेंदूचा मधला, ते यांच्यात कमी कामाला लागले होते आणि दुसरेच काही भाग जास्त राबत होते.

वरंध घाट पावसाळ्यात बंद असला की पुण्याहून ताम्हिणीमार्गे कोकणात उतरतो आपण. पोचतो. रस्ता मोकळा असेल तर फार उशीरही होत नाही. पण गणपतीच्या आदल्या दिवशी तोच एक रस्ता उरला असेल तर काय होतं ते प्रत्येक कोकणी माणूस जाणतो. या चित्रांचा अर्थ बरेच संशोधक असाच लावतात. साधं काम निभतं, कारण मेंदू आडवाटेने निभवून नेतो. तीन तासांची परीक्षा, चार दिवसांची अपुरी झोप, डोक्यावर घरच्यांच्या अपेक्षा असं सगळं एकदम आलं की त्या आडवाटेवर कोंडी होते.

दुसरा अभ्यास जानेवारी २०२५ मधला, कोलोरॅडो विद्यापीठातल्या जोशुआ गोविन यांच्या गटाचा. बातम्यांत गाजला तो हाच. २२ ते ३६ वयाच्या १,००३ तरुणांना स्कॅनरमध्ये सात प्रकारची कामं दिली. आयुष्यात १,००० पेक्षा जास्त वेळा गांजा घेतलेल्यांना ‘जास्त वापर’ या गटात धरलं. रोज एक म्हटलं तर तीन वर्षांत हा आकडा ओलांडला जातो. सातपैकी एका कामात फरक ठळक दिसला, कार्यरत स्मृतीच्या. कार्यरत स्मृती म्हणजे ओटीपीचे सहा आकडे टाइप होईपर्यंत डोक्यात धरून ठेवणं. स्कॅनरमधलं काम जरा अवघड होतं. एकामागून एक चित्रं येतात आणि ‘हे चित्र दोन चित्रांपूर्वी आलं होतं का’ ते सांगायचं, म्हणजे यादी सतत पुसायची आणि नवी लिहायची. जास्त वापर असलेल्यांपैकी ६३ टक्क्यांत या कामाच्या वेळी मेंदूची हालचाल कमी दिसली. उरलेल्या सहा कामांत म्हणावं असं काही ठरलं नाही. हेही सांगायला हवं, कारण बातम्यांनी ते बहुतेक गाळलं.

‘अयोग्य विधान ओळखा’ हा प्रश्न पुन्हा बघा. चार लांबलचक विधानं वाचून होईपर्यंत ‘अयोग्य’ हा शब्द डोक्यात धरून ठेवायचा. हे कामच कार्यरत स्मृतीचं आहे.

## “पण मला तर ओढल्यावरच फोकस येतो”

हे मी इतक्या मुलांकडून ऐकलंय की त्यांना खोटं ठरवायची माझी इच्छा नाही. त्यांना जे जाणवतं ते खरं आहे, त्याचा अर्थ वेगळा आहे.

रोज ओढणाऱ्याला शेवटच्या जॉइंटनंतर काही तासांनी अस्वस्थ वाटायला लागतं. चिडचिड, चुळबुळ, जागेवर बसवत नाही. हे कानांतल्या बोळ्यांमुळे. मग ओढलं की अस्वस्थता जाते आणि माणूस खुर्चीत टिकतो. त्याला वाटतं फोकस आला. प्रत्यक्षात तो कालच्या जॉइंटने केलेला खड्डा आजच्या जॉइंटने भरत असतो. दुसरं, टीएचसीने वेळेचं भान ताणलं जातं आणि एकच गोष्ट फार गहन वाटू लागते. एका परिच्छेदात रमल्यासारखं होतं. पण त्याच परिच्छेदावर दुसऱ्या दिवशी प्रश्न विचारले की चित्र वेगळं असतं, कारण वाचलेलं साठवणारा भागही त्याच भोंग्याखाली असतो. तिसरं, आपल्याकडे जॉइंटमध्ये किंवा चिलमीत बरेचदा तंबाखू मिसळलेली असते. निकोटिनने थोडा वेळ तरतरी येते, आणि श्रेय गांजाला जातं.

“पण मी अभ्यास करताना ओढतच नाही, रात्री ओढतो.” हाही नेहमीचा मुद्दा. टीएचसी पाण्यात नाही, चरबीत विरघळतं. हिंगाची डबी रिकामी करून धुतली तरी वास जात नाही, तसं ते शरीरातल्या चरबीत बसून राहतं आणि हळूहळू सुटत राहतं. रोज ओढणाऱ्याच्या लघवीत त्याचे अंश थांबवल्यावरही कित्येक आठवडे सापडू शकतात. रात्री ओढणारा सकाळी अभ्यासिकेत बसतो तेव्हा नशेत नसतो. पण पाटीही कोरी नसते.

## हे गांजामुळेच कशावरून?

हा सगळ्यात चांगला आक्षेप आहे, आणि संशोधकांनी तो आपापसांतच खूप घासून घेतलाय. ज्यांचं लक्ष मुळातच चंचल ते गांजाकडे वळत असतील तर? गरिबी, घरातली भांडणं, दारू, झोप, तंबाखू हे सगळं बरोबरच येत असेल तर?

न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन गावात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ मुलांचा आयुष्यभर मागोवा घेतला जातोय. २०१२ मध्ये त्यांचे निष्कर्ष आले. किशोरवयात सुरुवात करून पुढे वर्षानुवर्षं गांजाच्या आहारी राहिलेल्यांचा बुद्ध्यंक १३ ते ३८ या वयांदरम्यान सरासरी ८ गुणांपर्यंत घसरला होता. मोठी झाल्यावर सुरुवात केलेल्यांत अशी घसरण दिसली नाही. वर्षभरातच एका नॉर्वेजियन अर्थतज्ज्ञाने आक्षेप घेतला की यातला भाग घरच्या परिस्थितीचाही असू शकतो. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या जुळ्या भावंडांच्या अभ्यासात, एक ओढणारा आणि एक न ओढणारा अशा जोड्यांत, ओढणाऱ्याचा बुद्ध्यंक जास्त घसरलेला दिसला नाही. घर एक, आईवडील एक, तर फरकही नाही.

मग काय मानायचं? मला विचाराल तर ‘गांजाने बुद्ध्यंक कमी होतो’ हे छातीठोकपणे म्हणण्याइतका पुरावा पक्का नाही, आणि मी वर्गात तसं म्हणत नाही. लक्ष, कार्यरत स्मृती आणि नवं शिकलेलं साठवणं यांचं तसं नाही. वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या पद्धतींनी, रोज ओढणाऱ्यांत याच ठिकाणी उणीव दिसत आलीय. आणि ओढणं थांबवलं की त्यातली काही, विशेषतः स्मरणातली, भरून यायला लागते. सगळा दोष मूळचाच असता तर थांबवल्यावर काही सुधारायला नको होतं.

## भांग तर देवाची, आणि इंग्रजांनीही क्लीन चिट दिली होती

महाशिवरात्रीला वर्षातून एकदा ठंडाई घेणाऱ्याबद्दल हा लेख नाही. वर्षातून एकदा आणि वर्षातून तीनशे वेळा यांत मेंदूच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे.

‘इंग्रजांची क्लीन चिट’ म्हणजे भांग-गांजाची चौकशी करणारा १८९३-९४ चा आयोग. मॅकवर्थ यंग त्याचे अध्यक्ष. त्यांनी ११९३ साक्षीदार तपासले, वेड्यांच्या इस्पितळांची दफ्तरं उघडून बघितली, सात खंडांचा अहवाल दिला. माफक सेवनाने लक्षात घेण्याजोगं नुकसान होत नाही, असं त्यांनी म्हटलं हे खरं. अतिसेवन घातक आहे असंही त्यांनीच म्हटलंय, ते वाक्य कोणी सांगत नाही. आणि आयोग शोधत होता वेड, गुन्हे, शारीरिक ऱ्हास. मेंदू सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात काय करतो हे बघायचं साधन त्या काळी जगात कुठेच नव्हतं.

ते बघायचा प्रयत्न आपल्याकडेही पुढे झाला. चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी १९७० च्या दशकात नेहमी भांग पिणारे आणि चरस ओढणारे निवडून त्यांच्या चाचण्या घेतल्या. प्रतिक्रियेचा वेग, एकाग्रता, आकडे लक्षात ठेवणं. न घेणाऱ्यांपेक्षा ते मागे होते, आणि सुमारे दहा वर्षांनी त्यांतल्या सापडतील त्यांना पुन्हा तपासलं तेव्हा उणीव वाढलेली दिसली. माणसं थोडी होती, बरीच पुन्हा सापडली नाहीत, हे त्यातलं न्यून. तरी हे लोक आपले, त्यांची नशा आपल्याकडची, म्हणून ‘हे सगळं गोऱ्यांचं संशोधन’ म्हणणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते.

शिवाय माल तोच राहिलेला नाही. अमेरिकेत जप्त झालेल्या गांजातलं टीएचसी १९९५ मध्ये सुमारे ४ टक्के होतं, २०२१ पर्यंत ते १५ टक्क्यांच्या आसपास गेलं. आजोबांची चिलीम आणि नातवाचा ‘हायब्रिड’ यांना एकच नाव असलं तरी डोस एक नाही.

## वय

ड्युनेडिनचा वाद बाजूला ठेवला तरी वयाचा मुद्दा उरतोच. कपाळामागचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. मधल्या वर्षांत मेंदू आपल्या जोडण्या छाटतो, वापरातल्या राखतो आणि बिनवापरातल्या काढतो, द्राक्षाची छाटणी करतात तशी. आणि या छाटणीतही त्या ‘मोड बारं’ निरोपांचा हात असतो. युरोपात ७९९ मुलांची १४ व्या आणि १९ व्या वर्षी स्कॅन केली गेली. चौदाव्या वर्षी त्यांतल्या कोणीही गांजाला हात लावलेला नव्हता. मधल्या पाच वर्षांत ज्यांनी जितका जास्त ओढला, त्यांच्या कपाळामागच्या भागाचा थर तितका जास्त पातळ झालेला २०२१ मध्ये दाखवला गेला, आणि तोही जिथे हे कान दाट असतात तिथेच. याने पुढे आयुष्यात काय फरक पडेल हे एका चित्रावरून सांगता येत नाही. पण दहावी-बारावीच्या पोराच्या हातात जॉइंट दिसला तर माझ्या पोटात गोळा येतो तो यामुळे. चाळिशीतल्या माणसाबद्दल मला इतकी काळजी वाटत नाही.

ज्यांच्या रक्ताच्या नात्यात कोणाला स्किझोफ्रेनियासारखा आजार आहे त्यांच्यासाठी वेगळं वाक्य लिहिते: तुम्ही गांजाच्या वाटेला जाऊच नका. स्वीडनमध्ये १९६९-७० साली सैन्यात भरती झालेल्या ४५ हजार तरुणांच्या नोंदींतून १९८७ साली दिसलं की अठराव्या वर्षापर्यंत ५० पेक्षा जास्त वेळा ओढलेल्यांत पुढच्या १५ वर्षांत हा आजार होण्याचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सहापट होतं. सगळी सहापट गांजाच्याच खात्यावर टाकता येत नाही, पण तिच्याकडे काणाडोळाही करता येत नाही.

## सोडलं तर परत येतं का?

माझ्या विद्यार्थ्याला खरं तर हेच विचारायचं होतं. बहुतेक परत येतं, हे उत्तर देताना मला हायसं वाटलं.

कानांपासून सुरू करू. २०१२ च्या त्याच अभ्यासात काही जणांना सुमारे चार आठवडे गांजाशिवाय ठेवून पुन्हा स्कॅन केलं. कमी झालेले कान जवळपास पूर्ववत झाले होते. २००१ मध्ये अमेरिकेत हॅरिसन पोप यांनी आयुष्यात निदान ५,००० वेळा ओढलेल्या लोकांना २८ दिवस थांबवून मधूनमधून तपासलं. पहिल्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी शब्दांच्या याद्या लक्षात ठेवण्यात ते मागे होते. अठ्ठाविसाव्या दिवशी त्यांच्यात आणि इतरांत सांगण्यासारखा फरक उरला नव्हता.

२०१८ मध्ये १६ ते २५ वयाच्या ८८ जणांवर असाच महिनाभराचा प्रयोग झाला, लघवी तपासून खात्री करत. स्मरण सुधारलं, आणि बरंचसं पहिल्या आठवड्यातच. लक्षाच्या चाचण्यांत मात्र महिनाभरात फरक दिसला नाही. सोलोविज यांनाही सोडून दिलेल्यांची गाळणी पूर्ण नीट झालेली आढळली नव्हती. म्हणजे आठवण लवकर परतते, लक्षाला जास्त वेळ लागतो. त्याला मी हे लपवलं नाही. महिन्याभरात पेपर सुटायला लागेल अशी आशा लावली असती आणि तसं झालं नसतं, तर ‘काही उपयोग नाही’ म्हणून तो परत खोलीवरच्या मैफलीत जाऊन बसला असता.

पहिले दिवस कठीण जातात हेही आधीच सांगावं. एक-दोन दिवसांत चिडचिड सुरू होते, भूक मरते, घाम येतो. पहिल्या आठवड्यात हे सगळ्यात जास्त असतं आणि दोनेक आठवड्यांत उतरतं. झोप आणखी रेंगाळते, आणि झोप लागली की स्वप्नं इतकी ठळक पडतात की माणूस दचकून उठतो. मेंदू गांजाशिवाय झोपायला पुन्हा शिकत असल्याची ही खूण आहे. याच काळात मुलं ‘बघा, गांजाशिवाय मला झोपच येत नाही’ म्हणून मागे फिरतात.

आईवडिलांना भीती पोलिसांची असते. त्यांना अमली पदार्थविरोधी कायद्यातलं ६४-अ कलम सांगून ठेवते: सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या प्रकरणात व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचार घेत असेल तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६, फोन फुकट. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण आहे. तिथे किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जाऊन नुसतं बोललं तरी चालतं. लगेच दाखल करून घेतील असं काही नसतं.

माझा विद्यार्थी कुठे दाखल झाला नाही. त्याने खोली बदलली, कारण मित्र तेच राहिले तर जमणार नाही हे त्याला स्वतःलाच कळलं. सहा आठवड्यांनी तो दुसरी सराव चाचणी घेऊन आला. अजून नीट झोपत नव्हता, वजन उतरलं होतं. प्रश्नपत्रिका उघडली तर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत प्रत्येक ‘अयोग्य’भोवती पेन्सिलीने गोल केलेला होता. काही ठिकाणी दोनदा. तरी चार चुकले होते. ते चार आम्ही पुन्हा सोडवले.